मुलांच्या हाती सुई देताना

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की आईच्या हातातील सुई त्याला खुणावू लागते. "मला पण दे" असा हट्ट सुरू होतो आणि बहुतेक घरांत त्याला एकच उत्तर मिळते, "टोचेल, बाजूला हो." हे उत्तर मायेपोटी दिलेले असते, यात शंका नाही. परंतु तेवढ्याने सुई घरातून जात नाही. ती गोधडीत खोचलेली असते, भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली असते, कधी उशीखाली राहिलेली असते. आपण दिली नाही म्हणून मूल सुईपासून दूर राहते, अशी समजूत करून घेणे बरोबर नाही. कुणी पाहत नसताना ते ती उचलतेच. त्यापेक्षा मोठ्यांच्या देखत, योग्य वयात, योग्य सुई योग्य रीतीने त्याच्या हाती देणे अधिक सुरक्षित होय.

शिवण शिकविण्यासाठी फेल्टच्या कापडाची लहान लहान खेळणी हे उत्तम साधन आहे. सदर लेखात ती कशी शिकवावीत हे क्रमाने सांगितले आहे. मात्र प्रारंभीच एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. आपल्या वस्त्यांत आणि खेड्यांत सात वर्षांच्या बहिणीने केलेले खेळणे कपाटात राहत नाही. ते त्याच दिवशी झोळीतल्या भावाच्या हातात जाते आणि तेथून त्याच्या तोंडात जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-वडील शेतात असतात, तेव्हा धाकट्याला रमविण्याचे काम तिच्याकडेच असते. म्हणून मुलांना शिवण शिकविताना सुरक्षिततेचा विचार दोनदा करावा लागतो : एकदा शिवणाऱ्या मुलासाठी आणि दुसऱ्यांदा ज्याच्या हाती ते खेळणे पडणार आहे त्या तान्ह्यासाठी. पहिल्या गोष्टीची काळजी बहुतेक जण घेतात. दुसरी मात्र विसरली जाते.

खानदेश आणि सुईदोरा

खानदेशाला कापूस नवा नाही. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. या दोन्ही भागांची ओळख काळी जमीन आणि कापूस हीच होती. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या भोंग्यावर कामगार वस्त्यांचे घड्याळ चालत असे. त्या जुन्या गिरण्यांचे वैभव आता ओसरले आहे, परंतु कापूस शेतात आहे, जिनिंग आहे आणि घराघरांत जुन्या लुगड्यांची गोधडीही आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईने मोजपट्टी वापरलेली नसते, तरी तिचा धावदोरा एका रेषेत जातो. ही विद्या कोणत्याही शाळेत न जाता आजीकडून नातीकडे आली. ती नातवाकडेही यावयास हवी होती. पण शिवण हे मुलींचे काम, असे आपणच ठरवून टाकले. गावचा शिंपी पुरुष असतो आणि चपला शिवणारा कारागीरही पुरुष असतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. म्हणून शिवणाच्या वर्गात मुलगे आणि मुली दोघांनाही बसवावे.

हाताच्या कामातून शिकण्याचा विचार शिक्षणक्षेत्रात जुना आहे. जर्मनीतील फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकात बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा भोके पाडलेल्या कार्डातून दोरा ओवणे हा त्याच्या उद्योगांपैकी एक होता. माँटेसोरीच्या पद्धतीत बटणे लावण्या-काढण्याच्या चौकटी असतात. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी स्थान मिळाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना बाजारातील महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणाची साधने बनविली. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर कार्यानुभव हा विषय शाळांत आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळ आणि खेळण्यांतून शिकण्यावर भर आहे. तात्पर्य, मुलाच्या हाती सुई देणे हा वेळ घालविण्याचा उद्योग नसून तो शिक्षणाचाच भाग आहे.

फेल्ट म्हणजे काय?

साधे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते कापले की कडेचे धागे सुटतात, म्हणून कड दुमडून शिवावी लागते. लहान मुलाला हे दुमडणे जमत नाही आणि त्याचा उत्साह तेथेच संपतो. फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण यांमुळे ते एकमेकांत अडकतात व तंतूंची घट्ट चादर तयार होते. काश्मीरचा नमदा असाच तयार होतो. हे कापड कसेही कापले तरी त्याचे धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही आणि ते जाडसर असल्यामुळे लहान हातांत नीट धरता येते.

आज स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत फेल्टचे जे ताव मिळतात, ते बहुधा कृत्रिम धाग्यांचे असतात. मुलांच्या कामासाठी ते चालतात. परंतु आगीजवळ ते वितळतात आणि कातडीला चिकटतात. म्हणून चूल, स्टोव्ह अथवा दिव्याजवळ हे काम करू नये व तयार खेळणेही तेथे ठेवू नये. ताव विकत घेणे शक्य नसेल तर शुद्ध लोकरीचा जुना स्वेटर मोठ्या माणसाने गरम पाण्यात साबण लावून चोळावा. तो आटतो, घट्ट होतो आणि त्याचे घरच्या घरी फेल्ट होते. मात्र शाळेच्या गणवेशातले बरेचसे स्वेटर कृत्रिम लोकरीचे असतात, ते असे आटत नाहीत. जाड जुने ब्लँकेटही उपयोगी पडते.

फेल्टच्या खेळण्यांच्या इतिहासात एक नाव आवर्जून सांगण्यासारखे आहे. जर्मनीतील गिएंगेन या गावी १८४७ साली जन्मलेल्या मार्गारेट श्टाइफ यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय निकामी झाले, उजवा हातही दुबळा राहिला. तरीही त्या शिवण शिकल्या आणि फेल्टचे कपडे शिवू लागल्या. १८८० च्या सुमारास त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचा एक लहान हत्ती केला. मुलांनी त्यात टाचण्या खोचण्याऐवजी तो खेळायलाच घेतला. त्यातून पुढे जगभर प्रसिद्ध झालेला खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. ज्यांच्या घरी अपंग मूल आहे त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. असे मूल शिवणाच्या वर्गाबाहेर राहता कामा नये.

कोणत्या वयाला काय द्यावे?

वय हा ढोबळ आधार आहे. मुलाची बोटे आणि त्याचा धीर पाहून निर्णय घ्यावा. साधारण क्रम असा ठेवावा :

तीन ते चार वर्षे – सुई नाही. जाड पुठ्ठ्याला मोठी भोके पाडून बुटाची नाडी ओवण्यास द्यावी. नाडीचे टोक कडक असते, तीच त्याची सुई.

पाच ते सहा वर्षे – मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई आणि जाड दोरा. पुठ्ठ्यावर किंवा तागाच्या सैल विणीच्या कापडावर धावदोरा.

सहा ते आठ वर्षे – तीच बोथट सुई, आणि मोठ्यांनी आधीच भोके पाडून दिलेले फेल्ट. खेळणे येथून सुरू होते.

आठ वर्षांनंतर – हात स्थिर झाला असेल तर टोकदार सुई, अंगुस्तान घालून. टीप आणि काजाचा टाका या वयात शिकवावा.

पायरी ओलांडण्याची घाई करू नये. दहा वर्षांच्या मुलाने पूर्वी कधीच सुई धरली नसेल तर त्यानेही पुठ्ठ्यापासूनच सुरुवात करावी; त्याला ते दोन दिवसांत जमेल. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सक्ती करू नये. शिकविणाऱ्याने त्याच्या समोर बसावे, म्हणजे आरशात पाहावे तसे त्याला पाहून करता येते. आणखी एक गोष्ट अशी की, मोठ्या नेढ्यातही दोरा ओवता न येणारे किंवा काम डोळ्यांशी अगदी जवळ धरणारे मूल "हट्टी" किंवा "मंद" आहे असे म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. वर्गात फळ्यावरचे न दिसणारी कितीतरी मुले मागे पडतात. शिवणाच्या निमित्ताने ते लवकर कळून येते.

साहित्य कसे असावे?

सुई : मॅटीच्या कापडावर भरतकाम करण्यासाठी मिळते ती बोथट टोकाची पोलादी सुई घ्यावी. ती फेल्ट स्वतः भेदत नाही, म्हणून मोठ्यांनी लाकडी फळीवर कापड ठेवून टोच्याने भोके पाडावीत. प्लास्टिकची सुई सुरक्षित वाटते, पण ती मोडते आणि हरवली तर लोहचुंबकाला सापडत नाही. दाभण मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

दोरा : रिळाचा बारीक दोरा ओढताना बोट कापतो. भरतकामाचा जाड दोरा अथवा लोकर बरी. दोऱ्याची लांबी मुलाच्या बोटांपासून खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवावी. याहून लांब दोरा घेतला की सुई ओढताना हात दूर जातो आणि ती शेजाऱ्याच्या तोंडाशी येते. अनेक अपघातांचे मूळ टोकदार सुईपेक्षा या लांब दोऱ्यात असते.

कात्री : गोल टोकाची. देताना पाती आपल्या मुठीत आणि मुठीचा भाग समोरच्याकडे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

भरण : आपल्याकडे कापसाची उणीव नाही. सरकी काढलेला, पिंजलेला, उन्हात वाळविलेला स्वच्छ कापूस वापरावा. सरकी राहिली असेल तर वेचून काढावी. तांदूळ, डाळ, चिंचोके, मणी हे भरण म्हणून घालू नयेत. शिवण उसवली की ते बाहेर येतात आणि लहान मुलाच्या नाकात किंवा घशात जातात.

टाचण्या : दोन तुकडे एकत्र धरण्यासाठी टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत.

बैठक आणि सुयांची मोजदाद

एका मोठ्या माणसाकडे सुई घेतलेली चार-पाच मुले पुरेत. त्याहून अधिक असतील तर गट पाडावेत. एक गट शिवेल, दुसरा कागदावर आकार काढील. मुलांनी सतरंजीवर गोल न बसता एका रांगेत, हात पसरला तरी शेजाऱ्याला लागणार नाही एवढे अंतर ठेवून बसावे. प्रकाश भरपूर असावा. तान्ही आणि रांगती मुले त्या खोलीत नसावीत. एक बैठक वीस मिनिटांची पुरे. बोटे थकली की चूक होते.

नियम थोडे असावेत आणि ते रोज तेच असावेत. सुई तोंडात धरायची नाही. सुई घेऊन उठायचे नाही. सुई कपड्याला खोचायची नाही. थांबलो की सुई गादीत खोचायची. सुई वर ओढताना चेहऱ्याकडे न ओढता बाजूला ओढायची. मुलांकडून हे पाच नियम सुरुवातीला मोठ्याने म्हणवून घ्यावेत.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून घ्याव्यात. एका पुठ्ठ्यावर १ ते ५ आकडे लिहून प्रत्येक आकड्यासमोर एक सुई खोचावी. प्रत्येक मुलाचा आकडा ठरलेला असावा. बैठक संपली की पाचही जागा भरल्या आहेत हे पाहिल्याशिवाय कुणीही जागेवरून उठू नये. सुईत नेहमी लाल दोऱ्याचा तुकडा ओवलेला ठेवावा, म्हणजे पडलेली सुई चटकन दिसते. जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून सतरंजीवरून फिरविला तर पोलादी सुई सापडते. एक सुई जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत सतरंजी गुंडाळू नये. कारण त्याच सतरंजीवर रात्री कुणीतरी झोपणार असते.

ही काळजी आजचीच आहे असे नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या शिवणकामाविषयी बारीकसारीक तपशील आले आहेत. चीवर शिवताना बोटे दुखावत, म्हणून बोटाला लावण्याच्या आवरणाची अनुमती दिली गेली. सुया गंजत, म्हणून त्या नळीत ठेवण्याची आणि नळीत सत्तूचे पीठ भरण्याचीही अनुमती मिळाली. चीवराची तुकडे जोडून केलेली रचना मगधातील बांध घातलेल्या शेतांवरून घेतली गेली आणि ती आनंदाने सिद्ध केली, असे महावग्ग सांगतो. सुईसारख्या क्षुल्लक वस्तूची एवढी निगा जेथे राखली गेली, ती परंपरा आपली आहे. मुलांना हे अवश्य सांगावे. सुईला डबी हवी, डबीला जागा हवी, हे त्यांना लगेच पटते.

पहिले खेळणे : केळ

जळगावच्या मुलाला केळ्याचा आकार शिकवावा लागत नाही, म्हणून पहिले खेळणे केळ्याचेच असावे. कृती अशी :

१. कागदावर सुमारे १५ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद, किंचित वाकडे केळ काढून कापावे. हा झाला नमुना.

२. नमुना पिवळ्या फेल्टवर ठेवून खडूने रेष मारावी व दोन सारखे तुकडे कापावेत.

३. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून चिमटे लावावेत. मोठ्यांनी कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, पाऊण सेंटिमीटर अंतरावर सर्वत्र भोके पाडावीत.

४. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून मुलाने पहिल्या भोकातून सुई दोन तुकड्यांच्या मधून वर काढावी, म्हणजे गाठ आत लपते. मग "खाली-वर, खाली-वर" म्हणत धावदोरा घालीत जावे. दोरा संपला तर गाठ मारून नवा घ्यावा.

५. तीन बोटे जातील एवढे तोंड उघडे ठेवून थांबावे. कापूस चिमटीचिमटीने, आधी टोकांत आणि मग मध्यभागी भरावा. एकदम मोठा गोळा कोंबला तर शिवण ताणते.

६. उरलेले तोंड शिवून घ्यावे. मग त्याच भोकांतून उलट दिशेने दुसरा फेरा घालावा. पहिल्या फेऱ्यातील रिकाम्या जागा दुसऱ्या फेऱ्याने भरतात आणि टीप पक्की होते. शेवटची गाठ दुहेरी मारून दोऱ्याचे टोक आत ओढून घ्यावे.

हे काम दोन-तीन बैठकांत पूर्ण होते. टाके वाकडे आले तरी ते मोठ्यांनी उसवून पुन्हा घालू नयेत. आपले काम उसवलेले पाहून मूल सुई खाली ठेवते ते पुन्हा उचलत नाही. टाका सुटलेला असेल तेथे "येथून कापूस बाहेर येईल का, पाहा बरे" असे विचारावे; ते स्वतःच दुरुस्त करते.

केळ जमले की पुढे मासा, हत्ती, कापसाचे बोंड करता येते. पोळ्याच्या सुमारास मातीच्या बैलांबरोबर फेल्टचा बैलही करावा. त्यासाठी बाजूने दिसणाऱ्या बैलाचे दोन सारखे तुकडे पुरतात. शिंगे आणि शेपूट वेगळी जोडण्याऐवजी त्याच तुकड्यात अखंड कापावीत. याचे कारण पुढील भागात येईल.

खेळणे धाकट्याच्या हाती जाते तेव्हा

तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडाने पाहते. म्हणून खेळण्यावर डोळ्यांसाठी बटण, मणी, टिकली अथवा चिकटवलेले चकचकीत खडे लावू नयेत. डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढावेत. शिंगे, कान, शेपूट अखंड कापण्याचे कारण हेच. वेगळा जोडलेला तुकडा ओढला की निघतो. गळ्यात घंटा किंवा वीतभराहून लांब दोरी बांधू नये. अशी दोरी झोळीत गळ्याला फास लावू शकते.

भारतात विक्रीसाठी तयार होणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ९८७३ हे मानक लागू आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याची सक्ती झाली आहे. त्यातील एक चाचणी घरीही समजून घेण्यासारखी आहे. ३१.७ मिलिमीटर आतील व्यासाच्या आखूड नळीत जी वस्तू न दाबता पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालील मुलासाठी घातक मानली जाते. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. ही नळी त्याहून थोडी मोठी. शर्टाची बटणे, मणी, चिंचोके हे सर्व त्यात सहज मावतात.

खेळणे तयार झाल्यावर ते घरी देण्यापूर्वी मोठ्या माणसाने तीन गोष्टी कराव्यात. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून जोराने ओढून पाहावे. सर्व बाजूंनी दाबून आत सुई किंवा टाचणी राहिली नाही याची खात्री करावी आणि वर लोहचुंबक फिरवावा. पांढरा ओला फडका घासून रंग जातो का ते पाहावे. रंग जात असेल तर ते खेळणे तान्ह्याला देऊ नये. खेळणे मळले तर धुवावे, पण आतील कापूस पूर्ण वाळेपर्यंत कडक उन्हात ठेवावे. आत ओल राहिली तर बुरशी धरते. शिवण उसवलेले खेळणे दुरुस्त होईपर्यंत बाळापासून दूर ठेवावे.

ही तपासणी मुलांच्या समोर करावी. आपण केलेली वस्तू भावाच्या तोंडात जाणार आहे, हे कळल्यावर मूल टाके अधिक घट्ट घालू लागते. दुसऱ्याची काळजी कशी घ्यावी, हे त्याला या कामातून शिकावयास मिळते.

अपघात झालाच तर

सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. हळद, माती, चुना लावू नये. ती सुई बाजूला काढावी, दुसऱ्या मुलाला देऊ नये. मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण वेळेवर झाले आहे का ते पाहावे. सरकारी वेळापत्रकानुसार सोळा ते चोवीस महिने व पाच ते सहा वर्षे या वयात त्रिगुणी लसीची बूस्टर मात्रा आणि १० व १६ व्या वर्षी टी. डी. ची लस मिळते. ती आरोग्य केंद्रात विनामूल्य असते. सुईचा तुकडा मोडून आत राहिला तर तो घरी उकरून काढू नये.

मुलाने सुई, टाचणी किंवा बटण गिळले असा नुसता संशय आला तरी रुग्णालयात न्यावे. अशा वेळी "केळी खाऊ घाला, वेटोळे होऊन बाहेर पडेल" असा सल्ला आपल्या भागात हमखास मिळतो. तो पाळू नये. काहीही खायला-प्यायला देऊ नये व उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीशिवाय वस्तू कोठे आहे हे कळत नाही, आणि दुर्बिणीने ती काढावयाची झाल्यास पोट रिकामे असणे आवश्यक असते. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घशात वस्तू अडकली असताना मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. श्वास कोंडला, आवाज निघेना, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने न निघाल्यास मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत व वरच्या दिशेने दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाच थापा व मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. त्याचे पोट दाबू नये. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये. हे सर्व चालू असतानाच दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. बालवाडीच्या प्रत्येक सेविकेने आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही याचे प्रात्यक्षिक डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावे.

शिक्षण आणि मजुरी यांतील रेषा

शेवटी एक इशारा देणे आवश्यक आहे. मुलाचा हात बसला, टाका देखणा पडू लागला, की "याची चार खेळणी बाजारात विकू" असा विचार घरात डोकावतो. गरिबी असली की तो अधिक लवकर येतो. सणाच्या वेळी मुलांनी केलेल्या वस्तू एखाद्या मेळाव्यात मांडणे निराळे आणि रोज इतक्या नगांचे काम मुलाच्या अंगावर टाकणे निराळे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करण्याची सवलत कायद्यात आहे, परंतु तिच्या आडून शाळा बुडविणे कायद्याला मान्य नाही. शिक्षणाच्या हक्काचा कायदाही १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना लेखणी मिळाली नाही, केवळ काम मिळाले, त्यांना या रेषेचे महत्त्व अधिक सांगण्याची गरज नाही. मुलाने किती नग केले हे मोजू नये. त्याला काय येऊ लागले, हे पाहावे.

सभासद बंधू-भगिनींना विनंती की, आपल्या वस्तीतील बालवाडीत किंवा विहारात रविवारी एक तास हा उपक्रम सुरू करावा. पाच बोथट सुया, फेल्टचे चार ताव, भरतकामाच्या दोऱ्याच्या दोन लड्या, एक लोहचुंबक आणि घरचा कापूस एवढ्यावर तो सुरू होतो. गोधडी शिवणाऱ्या आजींना शिक्षिका म्हणून मानाने बोलवावे. विद्यार्थी मित्रांनी सुया मोजण्याचे आणि तयार खेळणी तपासण्याचे काम अंगावर घ्यावे. ते काम दिसावयास लहान आहे, पण सर्वांत जबाबदारीचे आहे. बैठक संपेल तेव्हा पुठ्ठ्यावरच्या पाचही जागा भरलेल्या असाव्यात. घरी जाणाऱ्या प्रत्येक खेळण्यावरून एका मोठ्या माणसाचा हात फिरलेला असावा.